पावसाच्या टांकीची बैठक
(ज्युबिली-वर्षांत धर्मग्रामाच्या सभागृहांत रविवारच्या मिस्साबलिदानानंतर दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या निमित्तानें ह्या सभागृहांत अनेक विद्वान् वक्त्यांचीं भाषणें झालीं. कोणीं धर्मग्रामाचा इतिहास सांगितला, कोणीं मुलांच्या शिक्षणाविषयीं, कोणीं कुटुंबधर्माविषयीं उद्बोधन केलें. त्या थोर विषयांच्या पंक्तीला आम्ही आज विटा, मुरूम आणि सिमेंट घेऊन बसत आहों, हें पाहून कित्येकांस हसूं येईल. घराच्या बाजूस पावसाच्या पाण्याची टांकी ठेवावयाची झाल्यास तिच्याखालीं पाया कसा घालावा व तिच्या भोंवतालची जागा कशी तयार करावी, एवढाच आमचा विषय आहे. परंतु हा विषय आम्हीं हौसेनें निवडलेला नाहीं. तो एका रात्रीं मोठा आवाज करून आमच्या घरीं आला, आणि त्या वेळीं आमच्या घरांतील एक जीव केवळ देवाच्या कृपेनें वांचला. म्हणून प्रथम तीच हकीकत सांगतों.

२०१७ सालच्या मे महिन्यांत आम्हीं एक हजार लिटरांची काळी प्लास्टिकची टांकी विकत आणिली. उन्हाळ्यांत नळाचें पाणी कमी येई, टँकरची वाट पाहावी लागे. आणि जून लागतांच आमच्याच पत्र्यावरून पाणी धो धो गटारांत वाहून जाई. ही गोष्ट मनास फार दिवस बोंचत होती. टांकीची जागा घराच्या मागील बाजूस, मोरीच्या शेजारीं ठरली. ती जमीन मूळची नव्हे, भरावाची होती. घर बांधतांना उरलेली माती व डबर तेथेंच पसरलेलें होतें. मिस्त्रीनें जागा पाहिली, पहारीचें टोंक जमिनींत खुपसलें, तें वीतभर सहज आंत गेलें. तो म्हणाला, ‘‘साहेब, येथें खणून पाया घालावा लागेल. मला आठ दिवस द्या.’’ आम्हीं उत्तर दिलें, ‘‘आठ दिवसांत पाऊस येईल. सध्यां विटा रचून द्या, पायाचें पुढल्या वर्षीं पाहूं.’’ त्यानें मान हालविली, चार कोंपऱ्यांवर विटांचे चार थर रचिले, त्यांवर फळ्या टाकिल्या, आणि टांकी उभी राहिली. आम्ही समाधान पावलों.

पहिल्या कांहीं सरींतच टांकी भरली. शेजारचे लोक पाहावयास आले, आम्हीं त्यांस चहा दिला. पुढें जुलै लागला आणि टांकी भरून वाहूं लागली. सांडणारें पाणी एकाच बाजूनें खालीं पडे व नेमकें डावीकडील विटांच्या बुंध्याशीं सांचे. टांकी कललेली दिसते, असें आमच्या आईनें दोनदां सांगितलें. दोन्ही वेळां आम्हीं फळीखालीं कौलाचा तुकडा ठोंकून दिला. महिन्याच्या अखेरीस एका रात्रीं दोनच्या सुमारास भिंत पडावी तसा आवाज झाला. दिवा घेऊन बाहेर गेलों तों टांकी मोरीवर आडवी पडलेली, मोरीची भिंत कोसळलेली, आणि कपडे धुण्याचा काळा दगड मधोमध दुभंगलेला. त्या दगडापाशीं आई रोज पहांटे पांचास, मिस्साला जाण्यापूर्वीं, भांडीं घासावयास बसत असे. तीन तासांचें अंतर होतें. आई दारांत बराच वेळ कांहीं न बोलतां उभी राहिली. मग म्हणाली, ‘‘अरे, पावसानें आपलें काम केलें. तुमचें काम तेवढें तुम्हीं केलें नाहींत.’’

आई आतां प्रभूच्या घरीं आहे. तिच्या त्या वाक्याचें ऋण थोडें तरी फेडावें, म्हणून हें आजचें बोलणें.

आमची चूक कोठें झाली तें पाहूं. आम्हांस पाण्याचें वजन समजलें नव्हतें. डोक्यावर हंडा वाहिलेल्या भगिनींस तें समजतें. पुरुषांस बहुधा समजत नाहीं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हजार लिटर म्हणजे एक टन, अर्थात् एका लहान मोटारगाडीएवढें वजन. मोटारगाडी निदान दिवसां बाहेर जाते. टांकी तर अहोरात्र एकाच जागीं उभी असते. आमच्या टांकीचा व्यास सुमारें १.१ मीटर, म्हणजे तळाचें क्षेत्रफळ जवळजवळ एक चौरस मीटर. हा सगळा तळ सपाट जागेवर टेकला असता, तर दर चौरस मीटरावर एक टनाच्या आसपास भार आला असता. तेवढा भार साधी घट्ट जमीनही सोसते. परंतु आम्हीं तो चार विटांवर दिला. एक वीट २३ सेंटिमीटर लांब व ११ सेंटिमीटर रुंद धरल्यास चार विटा मिळून चौरस मीटराचा केवळ दहावा हिस्सा होतो. म्हणजे जमिनीवरील दाब दसपट झाला. शिवाय ती जमीन भरावाची, आणि वरून रात्रंदिवस भिजणारी. जमीन वाईट होती हें खरें. पण आम्हीं तिच्यावर भारही अन्यायानें घातला होता.

अशा चुका सर्वांनाच सवलत देत नाहींत. २४ ऑक्टोबर २०२४ रोजीं पिंपरी-चिंचवडमधील भोसरी येथें कामगारांच्या वसाहतींतील पाण्याची टांकी सकाळच्या वेळीं कोसळून पांच कामगार मृत्युमुखीं पडले. पोटासाठीं दूर देशाहून आलेले ते लोक. त्या दिवशीं वर्तमानपत्र वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें आमच्या मोरीचा तो दुभंगलेला दगडच उभा राहिला.

आतां आपल्या पूर्वजांकडे पाहूं. पावसाचें पाणी सांठविण्याची कल्पना नवी नव्हे. साष्टींतील कान्हेरीच्या लेण्यांत राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंनीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं लेण्यालेण्याशीं खडकांत टांकीं खोदलीं, आणि डोंगरावरचें पाणी त्यांत यावें म्हणून कातळावर बारीक पाट कोरले. तेथील कित्येक शिलालेखांत अशा टांक्यांच्या दानाची नोंद आहे. सह्याद्रींतील किल्ल्यांवरही अशींच टांकीं आढळतात. त्या लोकांस बैठकीची चिंता नव्हती. त्यांच्या टांक्यांचा पाया म्हणजे खुद्द डोंगर. आपल्या अंबरनाथांत काकोळे गांवाजवळ जी. आय. पी. रेल्वे कंपनीनें वाफेच्या इंजिनांकरितां जो तलाव बांधविला, त्याचाही आधार डोंगराच्या कुशीचाच. आणि वालधुनीच्या कांठीं शके ९८२ मध्यें, म्हणजे इ. स. १०६० सालीं, उभारलेलें प्राचीन शिवमंदिर आजही उभें आहे. नदीकांठीं जवळजवळ एक हजार पावसाळे काढावयाचे, तर पायाचें काम हयगयीनें करून चालत नाहीं, हें त्या काळच्या पाथरवटांस चांगलें ठाऊक असलें पाहिजे. आपण मात्र प्लास्टिकची हलकी टांकी आणितों, ती एका माणसास उचलतां येते, आणि म्हणून तिला पायाची गरज नाहीं असें मानतों. टांकी हलकी असते. पाणी हलकें नसतें.

दुसरी गोष्ट आपल्या कोंकणच्या पावसाची. ठाणें जिल्ह्यांत वर्षास सरासरीनें अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. ४० चौरस मीटरांच्या पत्र्यावर तेवढ्या पावसाचें एक लाख लिटर पाणी होतें. उडून व सांडून जाणारें वजा केलें तरी ऐंशी हजार लिटर हातीं लागावें. आमची टांकी एक हजार लिटरांची! अवघ्या पंचवीस-तीस मिलिमीटरांच्या एका सरीनें ती तुडुंब भरते, आणि आपल्याकडे असा पाऊस कधीं कधीं तासाभरांत पडतो. २६ जुलै २००५ ची आठवण येथील प्रत्येक घरांत आहे. त्या दिवशीं मुंबईच्या सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तेवढा पाऊस आमच्या पत्र्यावर पडला, तर एका दिवसांत सदतीस हजार लिटरांहून अधिक पाणी टांकीच्या तोंडाशीं येईल. ह्याचा अर्थ असा कीं, जेथें पाऊस थोडा, तेथें टांकी रिकामी राहण्याची चिंता. आपल्याकडे टांकी पहिल्या आठवड्यांत भरते, आणि पुढील चार महिने सांडत राहते. म्हणून आपल्या घरीं बैठकीइतकेंच महत्त्व सांडणाऱ्या पाण्याच्या वाटेला आणि भोंवतालच्या फरशीला आहे. आमची टांकी पाण्याच्या भारानें पडली, हें अर्धेंच सत्य. ती सांडलेल्या पाण्यानें पाडली.

येथें एक खुलासा करणें जरूर आहे. हजार लिटरांच्या टांकीनें मे महिन्याची टंचाई संपते, असें आम्ही कोणास सांगणार नाहीं. तिचा खरा उपयोग पावसाळ्यांत नळाचें पाणी गढूळ येतें किंवा वीज गेल्यानें येतच नाहीं तेव्हां, आणि पावसाळा सरतांना शेवटच्या सरींनीं ती भरून ठेविली तर पुढील कांहीं दिवस, भांडीं, कपडे, संडास व झाडें ह्यांसाठीं होतो. एका कुटुंबास तेवढाही आधार थोडा नव्हे. तें पाणी पिण्यास वापरूं नये.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. दुसऱ्या वर्षीं, २०१८ च्या एप्रिल महिन्यांत, आम्हीं त्याच मिस्त्रीला पुनः बोलाविलें. मागील गोष्ट त्यानें एका शब्दानेंही काढिली नाहीं. त्यानें जें केलें व आम्हांस शिकविलें, तेंच क्रमानें सांगतों.

पहिलें काम जागेची निवड. पत्र्याची पन्हळ जेथें उतरते त्याच्या जवळची, परंतु मूळच्या घट्ट जमिनीची जागा पाहावी. मैल्याच्या टांकीवर, शोषखड्ड्यावर, गटाराच्या झांकणावर किंवा ताज्या भरावावर टांकी कधींही ठेवूं नये. नारळाच्या व फणसाच्या झाडाखालीं ठेवूं नये. वरून फळ पडतें, पानें पन्हळींत अडकतात, आणि मुळें पाया उचलतात. कुंपणाच्या भिंतीपासून दोन फूट तरी जागा सोडावी, म्हणजे मागें हात जाईल व झाडतां येईल. आणि जेथें माणसें नित्य बसतात अथवा मुलें खेळतात, त्या जागेच्या अगदीं कडेस टांकी नसावी. आम्हीं टांकी मोरीपासून दूर, घराच्या दुसऱ्या अंगास नेली. तिच्यासाठीं आठ फूट जास्त नळी लागली, ती आनंदानें घेतली.

दुसरें काम खोदाई. आमच्या टांकीसाठीं मिस्त्रीनें १.७ मीटर लांब व तितकाच रुंद चौरस आंखला. त्यांतील गवत, मुळें व काळी माती काढून तो एक फुटापर्यंत खालीं गेला, तेव्हां पिवळसर घट्ट मुरूम लागला आणि पहार खणखणली. ‘‘हा आवाज आला कीं थांबावयाचें,’’ असें तो म्हणाला. आपल्या भागांत पुष्कळ ठिकाणीं थोड्याच खोलीवर मुरूम अथवा कातळ लागतो. पण वालधुनीच्या व उल्हासच्या कांठाकडील, पूर्वीं भातखाचरें असलेल्या जमिनींत चिकण माती खोल असते. ती पावसांत फुगते, उन्हांत भेगाळते, आणि प्रत्येक वेळीं वरची बैठक थोडी थोडी हालविते. तेथें अधिक खणून ती माती काढावी, व बाहेरून मुरूम आणून भरावा. हा मुरूम एकदम ओतूं नये. वीतभर जाडीचा थर पसरावा, पाणी शिंपडावें, दुरमुसानें चोपावा, मगच दुसरा थर घालावा. ज्यास ह्यांत कंटाळा येतो, त्याच्या कंटाळ्याची मोजणी पुढें पाऊस करितो.

तिसरें काम दगडांची भरणी. खड्ड्याच्या तळाशीं १५ सेंटिमीटर उंचीचे काळे दगड हातानें उभे बसवावे; टोपलींतून ओतूं नयेत. फटींत लहान चिपा व मुरूम घालून, पाणी मारून चोपावें. त्यावर १० सेंटिमीटर साधें काँक्रीट, म्हणजे एक घमेलें सिमेंट, चार घमेलीं वाळू व आठ घमेलीं खडी. हें झालें जमिनीखालचें, न दिसणारें काम.

चौथें काम ओटा. टांकीच्या तोटीखालीं बादली किंवा हंडा सरळ मावला पाहिजे, म्हणून दीड फूट उंचीचा ओटा पुरे होतो. अधिक उंच ओटा हौसेनें करूं नये. उंची वाढली कीं कलण्याचा धोका वाढतो. आमचा ओटा १.४ मीटर चौरसाचा आहे, म्हणजे टांकीच्या भोंवतीं थोडी जागा उरते. बाहेरून नऊ इंची विटांची भिंत; विटा आधीं पाण्यांत भिजविलेल्या, एकास पांच ह्या प्रमाणाचा सिमेंट-वाळूचा माल. आंत दगड व मुरूम, तेही थराथरानें चोपलेले. पोकळ ओटा करून वर नुसती फरशी टाकणें म्हणजे सापळा रचणें होय.

ओट्याच्या माथ्यावर १० सेंटिमीटर जाडीचा सळईचा थर येतो. ८ मिलिमीटरच्या सळया दोन्ही दिशांस १५-१५ सेंटिमीटरांवर बांधून, सिमेंटच्या लहान ठोकळ्यांवर चार सेंटिमीटर उचलून ठेवाव्या. भरावावर लोळत पडलेली सळई कांहीं कामाची नाहीं. येथें काँक्रीट चांगल्या प्रतीचें, एकास दीड व तीन ह्या प्रमाणाचें असावें. एवढ्या थरास सिमेंटचीं दीड ते पावणेदोन पोतीं लागतात. पाणी मात्र हात राखून घालावें. पन्नास किलोच्या पोत्यास पंचवीस लिटर पुष्कळ झालें. कामगारांस पातळ माल ओतावयास सोपा जातो. पण जेवढें पाणी जास्त, तेवढें काँक्रीट कच्चें.

पांचवें काम पाणसळ. टांकीचा तळ ज्या जागीं टेकणार ती जागा अगदीं समपातळींत असली पाहिजे. आमच्या मिस्त्रीनें पाणसळ लांकडी पट्टीवर ठेवून चारी बाजूंनीं व दोन्ही कर्णांवर फिरविली. मग पारदर्शक नळींत पाणी भरून दोन टोंकांची पातळी पुनः ताडून पाहिली. पाण्याची टांकी पाण्यानेंच तपासावी, हें त्याचें म्हणणें आम्हांस फार आवडलें. माथ्यावर एकही खडा राहूं देऊं नये. प्लास्टिकच्या तळाखालीं सुपारीएवढा खडा राहिला, तरी टनभर भार त्यावर रुततो व तेथून तळ चिरतो. कित्येक लोक खालीं वाळू पसरतात, ती पावसानें वाहून जाते व तळ अधांतरीं राहतो. फळ्या व लोखंडी पट्ट्याही नकोत. तळ सगळाच्या सगळा टेकला पाहिजे.

सहावें काम म्हणजे वाट पाहणें, आणि आमच्यासारख्यांस हेंच सर्वांत कठीण. काँक्रीट वाळतें म्हणून कठीण होतें, अशी समजूत पुष्कळांची आहे, ती चुकीची. पाण्याशीं संयोग होऊनच सिमेंट घट्ट होतें, म्हणून तें ओलें ठेवावें लागतें. ओट्याच्या माथ्यावर मातीचें आळें करून पाणी बांधून ठेवावें, बाजूंस ओलीं गोणपाटें गुंडाळावीं. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हांत हें चौदा दिवस तरी करावें. पूर्ण ताकद येण्यास अठ्ठावीस दिवस धरावे. तात्पर्य, जूनच्या पावसाकरितां काम एप्रिलांतच हातीं घेतलें पाहिजे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत मिस्त्री शोधणाऱ्यास मिस्त्री मिळेल, पण अठ्ठावीस दिवस मिळणार नाहींत. ओटा तयार होत असतांना आई रोज संध्याकाळीं जपमाळ संपली कीं तांब्या घेऊन येई व आळ्यांत पाणी घाली. तिनें एक दिवसही चुकविला नाहीं.

आतां भोंवतालची जागा. ओट्याच्या चारी बाजूंस दोन फूट रुंदीची फरशी किंवा सिमेंटचा कोबा करावा, त्याखालींही दगडांची भरणी असावी. ह्या कोब्यास बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, मीटरामागें दोन सेंटिमीटर, म्हणजे पाणी ओट्याकडे किंवा घराच्या जोत्याकडे न येतां बाहेर जाईल. कोब्याच्या कडेनें लहानशी नाली काढून ती गटारास मिळवावी. तोटीखालीं एक दगड बसवावा, नाहीं तर रोजच्या थेंबांनींच खळगा पडतो.

टांकीच्या वरच्या बाजूस सांडीची नळी असते. ती आंत येणाऱ्या नळीहून बारीक कधींही असूं नये. असल्यास पाणी झांकणांतून उसळून ओट्यावरच पडतें. ही नळी भिंतीच्या कडेनें खालीं उतरवून ओट्यापासून व घराच्या पायापासून दूर न्यावी. ज्यांच्या आवारांत विहीर वा विंधणविहीर आहे, त्यांनीं जाणत्या माणसास विचारून तें पाणी दगड, खडी व वाळू भरलेल्या खड्ड्यांतून जमिनींत मुरवावें. जें टांकींत मावत नाहीं तें भूमातेच्या पोटांत मावतें. मात्र असा खड्डा घराच्या व टांकीच्या पायाशीं खेटून नसावा.

सांडीच्या तोंडास व वरच्या झांकणास बारीक जाळी लावणें हें सुद्धां ह्याच कामाचा भाग समजावा. डेंग्यूचा डांस स्वच्छ सांठलेल्या पाण्यांतच अंडीं घालतो. कोब्यावर सांचलेलें डबकें त्यास पुरतें. आणि मोसमाच्या पहिल्या एक-दोन पावसांचें पाणी टांकींत घेऊं नये. कारखान्यांच्या ह्या नगरांत आठ महिन्यांची धूळ व काजळी पत्र्यावर बसलेली असते. ती आधीं धुऊन जाऊं द्यावी.

सर्व झाल्यावर परीक्षा. टांकी एकदम भरूं नये. प्रथम पाव भरावी, एक दिवस थांबावें, मग अर्धी, पुनः एक दिवस, मग पूर्ण. ओट्याच्या चारी कोंपऱ्यांवर पेन्सिलीनें खुणा करून दर वेळीं पाणसळ लावावी. कोठें केसाएवढी जरी भेग दिसली तरी टांकी रिकामी करून मिस्त्रीस दाखवावी. कौलाचा तुकडा ठोंकूं नये. पुढेंही दर वर्षीं मे महिन्यांत व गणपतीच्या सुमारास एकदां ओट्याभोंवतीं फिरून पाहावें. फटींत पिंपळाचें किंवा उंबराचें रोप दिसल्यास तें बोटभर असतांनाच उपटावें.

एक सूचना नदीकांठच्या बंधूंकरितां. रिकामी टांकी पुरांत होडीसारखी तरंगते व वाऱ्यानें उडतेही. म्हणून तिच्यांत थोडें तरी पाणी सदैव ठेवावें, आणि ओट्याच्या काँक्रीटमध्यें आधींच कड्या बसवून तिला पट्ट्यांनीं बांधून टाकावें.

आमच्या नव्या बैठकीची खरी परीक्षा २०१९ सालीं झाली. २६ जुलैच्या रात्रीं जो पाऊस सुरू झाला त्यानें उल्हास नदीस पूर आला. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली, आणि २७ तारखेस हजाराहून अधिक प्रवाशांस होड्यांतून बाहेर काढावें लागलें. त्या रात्रीं आम्ही झोंपलों नाहीं. दर तासास दिवा घेऊन टांकीकडे जाऊन येत असूं. सांडीची नळी भरून वाहत होती, कोब्यावरून पाणी नालींत पळत होतें, आणि ओटा होता तेथेंच होता. पहांटे पांचास मोरींत दिवा लागला. आई नव्या दगडापाशीं बसून भांडीं घासीत होती. आम्हीं विचारिलें, ‘‘आई, एवढ्या पावसांत?’’ ती म्हणाली, ‘‘मग? पडायचें तें पडून गेलें ना.’’

बंधुभगिनींनो, दोन घरें बांधणाऱ्यांचा प्रभूचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्यांत एक गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरां आली. पाऊस दोन्ही घरांवर सारखाच पडतो, वाराही सारखाच सुटतो, आणि वरून पाहणाऱ्यास दोन्ही घरें बहुधा सारखींच दिसत असतील. अंतर असतें तें जमिनीखालीं, जेथें कोणी पाहत नाहीं व कोणी वाखाणीत नाहीं. आपल्या वाडवडिलांनीं ह्या धर्मग्रामाचा पाया असाच न दिसणाऱ्या कष्टांनीं घातला. ज्युबिलीच्या वर्षीं त्यांचें स्मरण करितांना आपणही कांहीं न दिसणारें काम करावें, हें उचित होय.

म्हणून आमची एकच विनंति. आपल्या धर्मग्रामांत गवंडीकाम जाणणारे पुष्कळ बंधु आहेत, आणि एकटीं राहणारीं वृद्ध माणसेंही आहेत. येत्या एप्रिल महिन्यांत, ईस्टरचा सण आटोपल्यावर, प्रत्येक वाडींतील दोन-तीन जणांनीं मिळून आपल्या भागांतील टांक्या पाहून याव्या. ज्या विटांवर उभ्या आहेत, ज्या कलल्या आहेत, ज्यांचें पाणी पायाशीं सांचतें, त्यांची यादी करावी. आम्हीं एक दुरमुस, एक पाणसळ व पंधरा मीटर पारदर्शक नळी घेऊन ती सभागृहाच्या मागील खोलींत ठेविली आहे. ज्यास लागेल त्यानें न्यावी, काम झाल्यावर धुऊन परत ठेवावी. मिस्त्रीची मजुरी ज्यांस झेपत नाहीं त्यांच्या ओट्याकरितां आम्ही दोन पोतीं सिमेंट आजच देतों. बाकीचें आपण द्याल अशी खात्री आहे.